नाव सांग, खोड सांग

शाहूपुरीच्या पाचव्या गल्लीत शांतादेवीचे निवाडे बसल्या जागेवरून होत. मांडीवर पितळी ताट, ताटात तांदळाच्या कणीएवढ्या चांदीच्या कड्या, हातात चिमटा आणि समोर चार टीव्हींना लगडलेली पोरं. कडीत कडी अडकवत ती पैंजणाची साखळी वाढवत राही आणि मान वर न करता विचारी, "नाव?"

"ढब्बू."

"खोडी?"

त्या दिवशी भांडण होतं जोतीराम नावाच्या सातवीतल्या पोराचं आणि त्याच्या मावसभावाचं. चौथ्या टीव्हीवर एकसारखे दिसणारे दोन भोपळ्यासारखे प्राणी उभे होते आणि दोघांचंही बोट एकाच भोपळ्यावर होतं. जोतीरामनं घडाघडा सांगितलं की ढब्बू मारायच्या आधी आभाळाकडं बघतो, पाण्याला भितो आणि जिंकला की शिंकतो. मावसभाऊ म्हणाला, माझाबी शिंकतो.

शांतादेवीनं चिमटा ताटात ठेवला. "शिंकून पुढं जातोय का मागं?"

मावसभाऊ पडद्याकडं बघायला लागला.

"मागं जातोय त्यो जोतीरामचा. तुझा शिंकत न्हाई बाळा, त्यो ढेकर देतोय. तिसऱ्या खणात बघ."

तिसरा खण उघडला, तर आतल्या भोपळ्यानं खरोखरच ढेकर दिली. प्रकरण मिटलं. शांतादेवीनं पुढची कडी उचलली.

आता हा चौथ्या टीव्हीवरचा मामला काय होता, ते सांगायला हवं. शांतादेवीचा नवरा टीव्ही दुरुस्त करायचा. लोक टीव्ही दुरुस्तीला टाकून जात आणि कित्येक जण परत न्यायला येतच नसत. असे चार टीव्ही साठल्यावर त्यानं १९९८ च्या उन्हाळ्यात घराच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं. पहिल्या टीव्हीवर गाड्या, दुसऱ्यावर गोळीबार, तिसऱ्यावर नुसत्या उड्या. चौथ्यासाठी बेळगावच्या एका व्यापाऱ्यानं जी कॅसेट गळ्यात मारली, तिच्यावरची अक्षरं काडेपेटी उपडी केल्यासारखी होती. ती वाचणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. गेम लावला की रान दिसायचं, रानात अंडी सापडायची, अंडं उबवलं की प्राणी निघायचा. त्याला खायला घालायचं, दुसऱ्याशी झुंजवायचं आणि खेळ संपला की चौकोनी खणांच्या एका खोलीत नेऊन ठेवायचं. कॅसेटच्या पोटात एक सेल होता, त्यामुळं ठेवलेला प्राणी दुसऱ्या दिवशी तिथंच असायचा. पोरांनी त्या खोलीचं नाव ठेवलं गोठा.

गोठा एक, खण साठ आणि पोरं चाळीस. कुठल्या खणात कुणाचं जनावर, हे लिहून ठेवायची सोय त्या काडेपेटीच्या अक्षरांत नव्हती. त्यात एका जातीचे सगळे प्राणी दिसायला एका साच्यातले. फरक असायचा तो फक्त खोडींचा. एक भोपळ्या शिंकायचा, दुसरा ढेकर द्यायचा, तिसरा मार खाल्ल्यावर चक्क झोपायचा. पहिल्या महिन्यात पार्लरात इतक्या मारामाऱ्या झाल्या की शांतादेवीच्या नवऱ्यानं चौथा टीव्ही बंद करायचं ठरवलं होतं. तेव्हा शांतादेवी म्हणाली, थांबा, हे मला येतंय.

येत होतं, कारण ती हुपरीची. तिथं तिचे वडील नागाप्पा पैंजणांचं काम घरोघरी वाटून द्यायचे आणि शनिवारी दहा घरांतून आलेलं तयार काम सोप्यावर एकाच चादरीवर ओतलं जायचं. कुणाचं कुठलं हे निवडायचं काम दहा वर्षांच्या शांतादेवीकडं. पहिल्या दिवशी ती रडकुंडीला आली, कारण सगळ्या साखळ्या एकसारख्याच चकचकत होत्या. नागाप्पा म्हणाले, "यवा, चांगलं काम सगळ्यांचं सारखंच दिसतंय. वळखायचं असलं तर चूक बघ." तिनं चूक बघायला सुरुवात केली आणि माणसं दिसायला लागली. केरबाची कडी डावीकडं किंचित कललेली. बाळाबाईच्या घुंगरांत एक तरी मुका, न वाजणारा. कारागीर आला की नागाप्पा त्याला आधी विचारत, नाव सांग, तुझी खूण सांग, मग उचल. खोटी खूण सांगणाऱ्याला महिनाभर काम मिळत नसे.

तोच कायदा शांतादेवीनं जसाच्या तसा पार्लरात आणला. प्राण्याचं नाव सांगायचं, तेही तोंडानं आणि सगळ्यांसमोर. मग तीन खोडी सांगायच्या. मग पडद्यावर त्या खोडी दिसल्या पाहिजेत. खोटी ओळख सांगितली तर महिनाभर पार्लर बंद. आणि पंधरा दिवसांत ज्याची ओळख कुणीच सांगितली नाही ते जनावर मोकाट धरायचं, रविवारी अकरा वाजता मागेल त्याला द्यायचं. पोरांनी यात आपली एक भर घातली. बटण दाबताना नाव मोठ्यानं घेतल्याशिवाय प्राणी खोड दाखवत नाही, अशी त्यांची ठाम श्रद्धा होती. यंत्राला कान नाहीत, हे शांतादेवीच्या नवऱ्यानं मशीन उघडून दाखवून सांगितलं. पोरं मशीनकडं बघून व्हय म्हणाली आणि पुन्हा बोंबलायला लागली.

त्या नवऱ्याचं नाव सोमशेखर. शांतादेवीच्या तोंडून मात्र ते कुणाला कळलं नसतं.

तिच्या माहेरी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. आईनं घेतलं नाही, आजीनं घेतलं नाही. लग्नात उखाण्याचा प्रसंग आला तेव्हा शांतादेवीनं चांदीच्या ताटाची, मोगऱ्याच्या वेणीची पहिली ओळ खणखणीत म्हटली आणि नाव आलं तिथं आवाज असा काही खाली नेला की बायकांनी तिच्या ओठांवर भरवसा ठेवून टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून दहा वर्षं "अहो", "ह्येनी" आणि मुलगी झाल्यावर "सुष्मिताचे पप्पा". एकदा रेशनच्या रांगेत कारकुनानं विचारलं, मालकाचं नाव? कार्ड पुढं केलं तर तो म्हणाला, चष्मा घरी राहिलाय बाई, तोंडानं सांगा. शांतादेवी म्हणाली, "तुम्ही अंदाजानं म्हणत जावा, मी व्हय-न्हाई म्हणतो." कारकुनानं शिवशरणपासून सुरुवात केली. गणपतराव झालं, बसवराज झालं. मग मागची रांगही उत्साहानं मदतीला आली. अकराव्या नावाला कुणीतरी रॉकेलचा डबा वर करून सोमशेखर म्हणालं आणि शांतादेवीनं व्हय म्हटल्याबरोबर रांगेनं टाळ्या पिटल्या.

अशी ही बाई. आणि तिचं एक गुपित होतं.

दुपारी बारा ते तीन पार्लर बंद असायचं. सुष्मिता शाळेत, नवरा लक्ष्मीपुरीत सामान आणायला नाहीतर कुणाच्या छपरावर अँटेना फिरवायला. अशाच एका दुपारी, कड्या जोडून डोळे शिणले म्हणून शांतादेवीनं चौथा टीव्ही लावला. नुसतं बघावं म्हणून रिमोट हातात घेतला. रानात एक अंडं मिळालं. उबवलं. आतून निघालं एक गाठोडं: धुण्याची चादर चार कोपरे धरून बांधावी तसं, खाली दोन पाय, वर दोन डोळे. या जातीची आणखी तीन गाठोडी गोठ्यात होतीच, त्यामुळं तिला विशेष काही वाटलं नाही. तिनं बटण दाबून हाक मारली.

गाठोड्यानं तिच्याकडं पाठ केली.

तिनं पुन्हा बटण दाबलं नाही, वाट बघितली. एक दम गेला, दोन दम गेले आणि मग ते सावकाश वळलं, जणू आत्ताच ऐकू आलं. शांतादेवी टक लावून बघत राहिली. तिनं त्याला फळ दिलं. त्यानं ते आधी वीतभर डावीकडं सरकवलं, नीट बघितलं आणि मग खाल्लं. तिनं त्याला गोठ्यातून बाहेर काढलं. ते दारापर्यंत गेलं, बाहेर पडलं, परत आत आलं, दाराला नाक लावून बघितलं आणि मगच गेलं.

शांतादेवी इतकी हसली की ताट मांडीवरून घसरलं आणि कड्या खोलीभर झाल्या. त्या वेचताना तिनं दार आतून लावलंय याची खात्री केली, पडद्याजवळ तोंड नेलं आणि म्हणाली, "सोमशेखर."

काही झालं नाही. छत कोसळलं नाही, विजा पडल्या नाहीत. मग तिनं जरा मोठ्यानं म्हटलं, "सोमशेखर, चल बघू." आणि ते वळलं.

त्यानंतर रोज दुपारी, सव्वा तीन महिने, त्या खोलीत दहा वर्षांचं तुंबलेलं नाव वाहत होतं. सोमशेखर, किती येळ. सोमशेखर, खा गप. सोमशेखर, भितोस काय त्या भोपळ्याला. कधी रागानं, कधी लाडानं, कधी नुसतंच, चव घेतल्यासारखं. तीनच्या ठोक्याला ती गाठोडं गोठ्यातल्या शेवटच्या खणात ठेवायची, टीव्ही बंद करायची आणि दार उघडून पोरांना सांगायची की असल्या खेळात काय हाय बाबा, मला तर काय कळत न्हाई.

घोटाळा झाला तो एका शुक्रवारी. संध्याकाळी पार्लरातल्या फळीवर खडूनं लिहिलेलं दिसलं: "मोकाट. चौथं गाठोडं. रविवारी ११." अक्षर उदयसिंहचं होतं.

उदयसिंह नववीतला, पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका वजनदार घरातला, इथं मामाकडं शिकायला राहिलेला. बोलणं पाटलासारखं आणि डोकं वकिलासारखं. पार्लरातली एकुलती मुलगी म्हणजे वर्षाराणी. ती सगळ्यांत चांगलं खेळायची आणि सगळ्यांची खबर ठेवायची. तिनं शांतादेवीला समजावून सांगितलं. खेळात पुढं एक जत्रा लागते. जत्रेत एक म्हातारा बसतो. एकाच जातीचे तीन प्राणी त्याला दिले की तो पंख असलेला एक देतो. उदयसिंहकडं दोन गाठोडी होती, तिसरं हवं होतं. तिसरं वर्षाराणीचं, ते ती देणार नव्हती. उरलं चौथं. शेवटच्या खणातलं, महिने झाले तरी कुणी ओळख न सांगितलेलं.

"आणि दिलेली परत मिळतात व्हय?" शांतादेवीनं विचारलं.

"न्हाई आक्का. म्हातारा परत देत न्हाई. गेली ती गेली."

शांतादेवीची कडी कडीत बसेना.

शनिवार तिनं खटपटीत घालवला. आधी उदयसिंहला गोडीनं सांगितलं की पोरा, गाठोड्यात काय हाय, दुसरं एखादं जनावर बघ. तो म्हणाला, आक्का, ज्याचं हाय त्यानं येऊन ओळख सांगावी, मी हात लावणार न्हाई. मग तिनं सांगून बघितलं की ते एका बाईचं हाय, ती यायची न्हाई. तो म्हणाला, न्हाई आली तर मोकाट. मग तिनं वर्षाराणीला कोपऱ्यात घेतलं आणि जरा तू तुझं म्हण की, असं सुचवलं. वर्षाराणीनं डोळे मोठे केले. "खोटी ओळख सांगू? महिनाभर बंदी हाय आक्का. तुमीच केलीया." एवढं बोलून ती शांतादेवीकडं अशी काही बघत राहिली की शांतादेवीनं उठून उगाच चहा टाकला.

मालकीण म्हणून सरळ नाही म्हणता आलं असतं. टीव्ही तिचा, कॅसेट तिची, खोली तिची. पण तसं एकदा म्हटलं की सोमवारपासून तिच्या निवाड्याला विचारतो कोण? गुपचूप गाठोडं रानात सोडून द्यावं, असंही दुपारी मनात आलं. तिनं ते बाहेर काढलं, रानापर्यंत नेलं. तिथं ते परत फिरलं आणि दार बघायला गेलं. तिच्यानं पुढचं बटण दाबवेना. दुसरंच एखादं नाव ठोकून द्यावं, तर ती खोटी ओळख झाली असती आणि खोट्या ओळखीला बंदी तिनंच घातलेली.

राहता राहिला एक मार्ग. चाळीस पोरांसमोर उभं राहून नाव सांगायचं. आणि रविवारी सोमशेखर घरीच असायचा.

रविवारी अकराला खोली इतकी भरली की पोरं एकमेकांच्या मांड्यांवर बसली. शेजारी पिठाची गिरण चालवणारी चिमणाबाई नातवाला जेवायला बोलवायला आली होती. ती पिठानं पांढरीफटक झालेली, तशीच दारात टेकली आणि गर्दी बघून तिथंच रमली. सोमशेखर दुसऱ्या टीव्हीचं मागचं झाकण काढून, सगळ्यांकडं पाठ करून आतल्या तारांना सोल्डरचा डाग देत बसला होता. आपल्या पाठीमागं काय चाललंय, याच्याशी त्याचा रविवारी काही संबंध नसे.

उदयसिंहनं चारी गाठोडी रांगेनं उभी केली. दोन आपली, एक वर्षाराणीचं आणि ते. मग खाकरून त्यानं विचारलं की या चौथ्याची ओळख कोण सांगणार.

"मी," शांतादेवी म्हणाली.

तिच्या आवाजापेक्षा ती उभी राहिली याचाच पोरांना जास्त धक्का बसला. निवाड्याच्या वेळी तिला उभं राहिलेलं कुणी बघितलंच नव्हतं. उदयसिंहनं मात्र लगेच तिची रिकामी जागा घेतली, मांडी घातली आणि मान वर न करता, थेट तिच्या सुरात विचारलं, "नाव?"

पोरं खिदळली. शांतादेवीनं पदर खोचला, सोडला, परत खोचला. खोडी आधी सांगितल्या तर चालतील का, तिनं विचारलं. उदयसिंह म्हणाला, आधी नाव. मग तिनं भिंतीवरची सुष्मिताची पाटी काढली, पेन्सिल घेतली आणि लिहून देते म्हणाली.

"लिहून चालत न्हाई," उदयसिंह म्हणाला. "मागं ह्यो आकाराम लिहून देत हुता, तवा तुमीच म्हणालाता, कितीबी येळ लागू दे, बोलूनच सांग."

हे खरं होतं. आकाराम पुढच्याच रांगेत बसला होता. आठवीतला, अडखळत बोलणारा, त्यामुळं शाळेत न बोलणारा पोरगा. दोन महिन्यांपूर्वी त्याचा प्राणी ओळखायचा होता तेव्हा त्यानं कागद पुढं केला होता. शांतादेवीनं कागद परत दिला आणि सगळ्या खोलीला गप्प बसवून त्याची वाट बघितली. नाव यायला पाच मिनिटं लागली, पण आलं. तेव्हापासून आकाराम रोज यायचा आणि रोज थोडं जास्त बोलायचा.

आता त्यानं तिच्याकडं बघितलं. "सां... सांगा की आक्का," तो म्हणाला. "म... मी सांगितलंता."

चिमणाबाई दारातून म्हणाली, "अगं नावच सांगायचं हाय न्हवं? का गाव लिहून मागत्यात?"

शांतादेवीनं एकदा नवऱ्याच्या पाठीकडं बघितलं. डागाचा बारीक धूर वर चढत होता. तिनं डोळे मिटले आणि नाव घेतलं. ते तिच्या ओठांपर्यंत आलं आणि लग्नातल्यासारखं तिथंच विरलं.

"ऐकू आलं न्हाई," मागच्या रांगेतून आवाज आला.

मग शांतादेवीनं डोळे उघडले. समोर उदयसिंहनं हाकेचं बटण दाबलं, तशी गाठोड्यानं पाठ केली. दुपारच्या रिकाम्या खोलीत निघायचा तो आवाज तिला सापडला, भरदार, जरा वैतागलेला, हक्काचा.

"सोमशेखर."

दुसऱ्या टीव्हीमागची पाठ हलली नाही. धूर चढत राहिला. एक दम गेला. दोन दम गेले. मग सोमशेखर सावकाश वळला.

"आँ? काय म्हणालीस?"

त्याच क्षणी पडद्यावरचं गाठोडंही वळलं.

खोलीत हसू फुटलं. पोरं एकमेकांवर कोसळली. चिमणाबाई खाली बसली ती पिठाचा ढगच उठवून बसली. सोमशेखर हातातलं डागाचं यंत्र जपून बाजूला ठेवत सगळ्यांकडं बघत होता. "कोण हाक मारली मला?" त्यानं विचारलं.

"तुमाला न्हाई काका," वर्षाराणी डोळे पुसत म्हणाली. "गाठोड्याला."

उदयसिंहचंही तोंड फुटायच्या बेतात होतं, पण त्यानं निवाड्याची जागा सोडली नाही. "खोडी?" त्यानं विचारलं.

आता शांतादेवीला थांबवणारं काही उरलं नव्हतं. "पयली तर झालीच की," ती म्हणाली. "हाक मारली की पाठ. दोन दम गेल्याशिवाय वळत न्हाई. दुसरी, खायला दिलं की आधी डावीकडं सरकिवतंय, मग खातंय."

चाळीस मुंड्या सोमशेखरकडं वळल्या. चिमणाबाईनं कपाळावर हात मारला. "अगं बया, बारशाला आमच्यात जेवायला आलता, तवा ताट सरकवत सरकवत शेजाऱ्याच्या मांडीवर नेलंवतं की."

"आणि तिसरी," शांतादेवी म्हणाली, "बाहीर जाताना एकदा परत येऊन दार बघून जातंय."

"दार बघितल्यालं बरं असतंय," सोमशेखर गंभीरपणे म्हणाला. अजून त्याला पुरतं उमगलं नव्हतं. मग पोरांच्या नजरा एकदा त्याच्यावर आणि एकदा पडद्यावर जाताना त्याला दिसल्या. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. तो उठला, पोरांतून वाट काढत चौथ्या टीव्हीसमोर येऊन उभा राहिला आणि कंबरेवर हात ठेवून गाठोड्याकडं बघू लागला.

उदयसिंहनं फळ दिलं. गाठोड्यानं ते डावीकडं सरकवलं, बघितलं, खाल्लं. उदयसिंहनं ते बाहेर काढलं. ते गेलं, परत आलं, दाराला नाक लावलं.

"असं करतो मी?" सोमशेखरनं विचारलं.

चिमणाबाईनं जोरजोरात मान हलवली.

उदयसिंह उठला. त्यानं फळीवरचं "मोकाट" तळहातानं पुसलं आणि तिथं लिहिलं, "चौथं गाठोडं: आक्का." पंख असलेला प्राणी हातचा गेला होता. नववीतल्या पोराला हे सोपं नसतं. पण खडू ठेवताना त्याचे डोळे चमकले. "म्हणजे आक्का, तुमी खेळता?"

"दुपारचं," शांतादेवी म्हणाली.

"किती येळ?"

"तीन वाजस्तवर."

"आणि ढब्बू शिंकून मागं जातोय ते कसं कळलं मग, इथं बसून?"

शांतादेवीनं ताट मांडीवर घेतलं. "दुपारी सगळ्यांची जनावरं खायला मागत्यात बाबा. तुमची जेवणं गिळून झालेली असत्यात, त्यांची न्हाई."

त्यावर पोरांना एकदम बरंच काही उमगलं. आपली जनावरं सकाळपेक्षा संध्याकाळी टुमटुमीत का असतात, हे तर वर्षाराणीनंही कधी विचारलं नव्हतं. ती काही तरी बोलणार होती, पण चिमणाबाईनं नातवाचा कान धरून बाहेर काढला आणि त्याच्यामागून बाकीच्यांनाही जेवणं आठवली.

खोली रिकामी झाली. शांतादेवीनं आतल्या सोप्यात पानं घेतली. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. सुष्मिता मैत्रिणीकडं गेली होती, त्यामुळं दोघंच. सोमशेखर पाटावर बसला. त्याचा हात ताटाच्या काठापर्यंत गेला आणि थबकला. त्यानं बायकोकडं बघितलं. बायको चटणीकडं बघत होती. मग त्यानं ताट सरकवलंच, पण नेहमीपेक्षा निम्मं.

त्यानं अर्धी भाकरी संपवली. मग म्हणाला, "परत एकदा घे की."

"काय? भाकरी?"

"नाव."

"ते आता त्याचं नाव झालं," शांतादेवी म्हणाली.

"आणि माझं?"

"तुमाला अहो हाय की."

त्यानं भाजीत भाकरी मोडली, कालवली, एक घास घेतला. मग ताटाकडंच बघत विचारलं, "झुंजीत कसं हाय ते?"

"कोण ते?"

तो घुटमळला. इथं कारकून नव्हता, मदतीला रांगही नव्हती. शेवटी स्वतःच म्हणाला, "सोमशेखर."

"हरतंय," शांतादेवी म्हणाली. "सतरा येळा हरलंय."

"आणि जिंकलंय किती?"

"चार."

सोमशेखरनं हिशेब केल्यासारखी मान हलवली. "मग एवढी माणसं गोळा करून, नाव घेऊन, परत कशाला मागून घेतलंस? द्यायचं की त्या म्हाताऱ्याला."

शांतादेवीनं दुरडीतली भाकरी हातानं दाबून बघितली, उचलली आणि त्याच्या ताटात टाकली.

"खायला तर रोज घालायलाच लागतंय," ती म्हणाली. "मग ठेवून घ्यायला काय हुतंय."